‘साइड दे’ म्हणावं की आणखी काही? निळ्या बावट्याचे शब्द

मुलुंडहून (चर्चा सुरू करताना)

गेल्या रविवारी रात्री आमच्या ऑनलाइन शर्यतीत एक अपघात झाला. तो माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे झाला असं मला वाटतं, म्हणून इथे विचारतोय.

आयरेसिंग या संगणकावरच्या शर्यतीच्या खेळात बेल्जियममधला स्पाचा ट्रॅक, जीटी३ (स्पोर्ट्स गाड्यांच्या रेसिंग आवृत्त्या), पाऊण तासाची शर्यत. गटातले सगळे मुंबई-ठाण्याचे, त्यामुळे व्हॉइसवर मराठीच चालते. शेवटची दहा मिनिटं उरली होती, मी तिसरा होतो. समोर कॉलेजात जाणारा एक मुलगा होता, आमच्यात पहिल्यांदाच उतरलेला, आणि मी त्याला एका फेरीने मागे टाकणार होतो. राडियोंचा चढ संपून केमेलची सरळ पट्टी लागली. तो डावीकडे, आपल्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात वेगाच्या ठरलेल्या मार्गावर, नीट चालला होता. मी उजवीकडून आत घुसायला गाडी काढली आणि सवयीने म्हणालो, “साइड दे रे, साइड दे.”

त्याने साइड दिली. ब्रेक मारायच्या जागेवर डावीकडून उजवीकडे सरकला, म्हणजे नेमका माझ्या पुढ्यात आला. दोघेही गरगरत पुढच्या ले कोंब वळणाच्या बाहेर गेलो. जोराची धडक म्हणून दोघांच्या नावावर फोर एक्स, म्हणजे चुकीचे चार गुण, लागले. मी काही बोलायच्या आत त्याचा आवाज आला, “दादा, तुम्हीच म्हणालात ना साइड दे? मी दिली.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कसाऱ्याच्या घाटात ट्रकवाला साइड देतो तेव्हा तो लाइन सोडून दाबतो आणि हात बाहेर काढून ‘जा’ म्हणतो. रस्त्यावर सरकणं हाच चांगुलपणा. ट्रॅकवर मात्र ऐन वेळी सरकणं हाच धोका. निळा झेंडा, म्हणजे ‘मागून वेगवान गाडी येतेय’ हा इशारा, दिसला की संथ गाडीने आपली लाइन धरून राहायचं, फार तर सरळ पट्टीवर गॅस जरा लवकर सोडायचा. ‘साइड देणे’ या शब्दांत यातलं काहीच येत नाही.

मग म्हणायचं काय? ‘वाट दे’? ‘जाऊ दे’? शिवाय लॅप करणे (एका फेरीने मागे टाकणे), अनलॅप करणे (ती फेरी भरून काढणे), बॅकमार्कर (शर्यतीत मागे पडलेली गाडी) यांना आपल्याकडे काही आहे का? कोशातला शब्द नकोय. अडीचशेच्या वेगात तोंडातून सुटेल असा हवाय.

अंधेरीहून

आमच्या गटात सरळ ‘ब्लू’ म्हणतात. “तुला ब्लू लागलाय.” सगळ्यांना कळतं. मराठी शब्दाची गरज मला तरी वाटत नाही.

मुलुंडहून

‘ब्लू’ला माझा विरोध नाही, आम्हीही तेच म्हणतो. पण तुमच्या वाक्यात ‘लागलाय’ आहे, ते मराठीच ना? घोटाळा झाला तो ‘दे’मुळे. नाम कुठूनही घ्या, क्रियापद नेमकं हवं. मला क्रियापदाचीच अडचण आहे.

गिरगावातून

मी शर्यत खेळत नाही, नातू खेळतो, पण चर्चा शब्दाची आहे म्हणून लिहितो.

‘निळा झेंडा’ हा शब्द इथे वापरू नये असं माझं मत. मुंबईत निळा झेंडा म्हटलं की ६ डिसेंबरची चैत्यभूमी डोळ्यांपुढे येते आणि तेच योग्य आहे. झेंडा अभिमानाने उंच धरायचा असतो. इशाऱ्याच्या फडक्यासाठी मराठीत वेगळे शब्द आहेत. गार्डच्या हातात असते ती झेंडी. आणि धोका कळवतो, परवानगी देतो तो बावटा. एखाद्या योजनेला ‘हिरवा बावटा’ मिळतो, तिथे ‘हिरवा झेंडा’ कानाला खटकतो. गिरणगावातला ‘लाल बावटा’ हा अपवाद. तिथे बावटाच अभिमानाचा झाला.

माझे वडील बंदरात कामाला होते. पावसाळ्यात घरी आले की आईला सांगत, “तीन नंबरचा बावटा लागलाय.” मी लहानपणी समजायचो की कुठेतरी मोठं कापड फडकत असेल. एकदा मला घेऊन गेले तेव्हा पाहिलं, कापड नव्हतंच. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. या इशाऱ्यांचे क्रमांक १ ते ११ आहेत, त्यातला तिसरा स्थानिक सावधगिरीचा. कापड नसूनही लोक म्हणतात बावटाच, आणि तो ‘लागतो’. तुमच्या स्क्रीनवरही फडकं नाही, निळा चौकोन आहे. म्हणून ‘निळा बावटा लागला’ हे मला अगदी चपखल वाटतं.

आणखी एक गोष्ट. तीन नंबरचा बावटा वाऱ्याची खबर देतो. नाव कुठून कशी काढायची ते तांडेल ठरवतो. तुमचा निळा बावटा खबर देतो की हुकूम, हे आधी कळायला हवं. क्रियापद त्यावर ठरेल.

वाशीहून

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. खरा गोंधळ इथेच आहे, कारण दोन्ही प्रकार चालतात.

फॉर्म्युला वनमध्ये निळा बावटा हा हुकूम आहे. फेरीने मागे पडणाऱ्याने पहिली संधी मिळताच पुढे जाऊ द्यायचं, सारखं दुर्लक्ष केलं तर शिक्षा. ल माँसारख्या लांब शर्यतींत हायपरकार (सगळ्यात वेगवान वर्ग) आणि जीटी३ एकाच ट्रॅकवर असतात. तिथे जीटी३वाल्याला निळा दिसतो तो ‘मागून वेगवान गाडी येतेय’ एवढ्यापुरता. त्याने आपली लाइन चालवायची, जागा शोधायचं काम मागच्याचं. अमेरिकेत नॅस्कारमध्ये निळ्यावर तिरपी पिवळी पट्टी असते, आणि तोही सल्लाच. आयरेसिंगमध्ये निळा खबरीपुरता असतो, सुरक्षित पुढे जायची जबाबदारी पुढे जाणाऱ्याची.

आपली मुलं फॉर्म्युला वन बघून मोठी होतात आणि आयरेसिंगवर येऊन हुकूम सोडतात. मागून कोणी डिपर मारत आला की त्याला वाटतं समोरचा बांधील आहे. तसा तो नसतो.

फॉर्म्युला वनमध्येही हुकूम पाळणं सोपं नाही. २०१२ ची मलेशियाची शर्यत आठवा. आपला नारायण कार्तिकेयन फेरीने मागे होता, फेटेल त्याला मागे टाकून पुढे जाताना गाड्या घासल्या, फेटेलचा टायर फाटला आणि तो चौथ्यावरून अकरावा आला. कार्तिकेयनला वीस सेकंदांची शिक्षा झाली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. सगळे चौथ्या नंबरच्या गाडीतून ती शर्यत बघत होते. शेवटच्या गाडीच्या आरशात काय दिसतं याचा विचार मी पहिल्यांदा केला तो तेव्हा.

बोरिवलीहून

‘लाइन धर, गॅस सोड’ असं सरसकट शिकवू नका. १९९८, स्पाच, मुसळधार पाऊस. शूमाकर पहिला, कुल्टहार्डवर फेरी लागणार होती. कुल्टहार्डने त्याला जाऊ द्यायला गॅस सोडला, पण लाइनवरच आणि पाण्याच्या फवाऱ्यात. शूमाकरला तो दिसलाच नाही. मागून धडकला आणि तीन चाकांवर पिटमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या जागी, परतला. हेतू चांगला होता, जागा चुकली.

ऑनलाइनमध्ये याहून वाईट. समोरची गाडी आपल्याला दिसते ती शेवटच्या निरोपावरून बांधलेल्या अंदाजाने. सर्व्हर दूर असेल तर समोरच्याने अचानक केलेली कुठलीही गोष्ट, सरकणं असो की गॅस सोडणं, आपल्यापर्यंत उशिरा पोचते. म्हणून नुसतं ‘सोड’ म्हणणंही धोक्याचं.

प्रभादेवीतून

लॅप करणे याला शब्द आहे, आणि तो आपल्या मैदानातच आहे. कबड्डीत समोरचे सातही बाद केले की आपण काय म्हणतो? ‘लोण चढवला.’ दोन गुण जादा. आणि समोरच्यांनी उलट लोण दिला तर ‘लोण फेडला’, ‘लोणाची परतफेड केली.’ आमच्या गल्लीत लहान पोरंही हेच बोलतात.

तर ‘फेरी चढवणे’. “मी त्याच्यावर फेरी चढवली.” “माझ्यावर दोन फेऱ्या चढल्या.” अनलॅप म्हणजे ‘फेरी फेडणे’. कर्जासारखं आहे, चढतं आणि फेडावं लागतं. २०१८ ला ब्राझीलमध्ये ओकाँ पहिल्या नंबरच्या वेरस्टॅपनवर घुसला आणि दोघेही फिरले, तेव्हा तो फेरीच फेडत होता. टायर नवे, वेग जास्त, फेडायचा हक्क होता. पण फेडणाऱ्याने पुढच्याला धक्का लावायचा नसतो, म्हणून दहा सेकंद पिटमध्ये थांबायची शिक्षा मिळाली. वेरस्टॅपनची शर्यत गेली, हॅमिल्टन जिंकला.

बॅकमार्करला ‘पिछाडीची गाडी’ म्हणा. पण जपून. पिछाडीची, हळू आणि फेरी चढलेली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीसाठी पिटमध्ये थांबून आलेल्यावर दोन फेऱ्या चढलेल्या असतील आणि तरी तो ट्रॅकवर सगळ्यात वेगवान असेल. मिश्र वर्गात जीटी३वाला हळू दिसतो, पण आपल्या वर्गात तो पहिला असू शकतो. त्याला ‘मागचा’ म्हणणं म्हणजे त्याच्या दीड तासाच्या मेहनतीचा अपमान आहे.

ठाण्याहून

मी पिछाडीला असते. तीन वर्षं खेळतेय, कामावरून आल्यावर मिळेल तेवढा वेळ. आतापर्यंत ज्यांनी लिहिलं ते बहुतेक फेरी चढवणारे दिसतात. चढवून घेणाऱ्याला काय दिसतं ते सांगते.

माझ्याकडे एकच मॉनिटर आहे. डावी-उजवी बाजू मला दिसत नाही. आरसा आहे, पण वळणात तिकडे बघायला गेले तर मीच बाहेर जाईन. क्रू चीफ नावाचा मदतीचा प्रोग्रॅम कानात सांगतो डावीकडे गाडी आहे, उजवीकडे आहे, आणि तेही ती शेजारी आल्यावर. त्याआधी माझा आधार म्हणजे रिलेटिव्हची, म्हणजे स्क्रीनवरची आसपासच्या गाड्यांची यादी. तिथे नवीन माणूस हमखास फसतो. यादीत निळं नाव म्हणजे ज्याच्यावर तुम्ही फेरी चढवताय, लाल नाव म्हणजे जो तुमच्यावर चढवतोय. म्हणजे बावटा निळा लागतो तो लाल नावामुळे! पहिले दोन महिने मी निळं नाव दिसलं की घाबरून बाजूला व्हायचे, आणि तो बिचारा माझ्या मागे धापा टाकत असायचा.

अशा वेळी “साइड दे” ऐकू आलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो, कुठली? डावी देऊ की उजवी? कोण मागतंय? आत्ता की वळणानंतर? अर्ध्या सेकंदात चार प्रश्न. मग हात आपोआप काहीतरी करतात, आणि ते बहुतेक चुकतं. त्या मुलाचं तेच झालं.

मला काही द्यायला सांगू नका. तुम्ही कुठून येताय ते सांगा. “उजवीने येतोय.” बस. उजवीने येतोय म्हटलं की मला कळतं डावीकडे राहायचं, आणि मी आधीच डावीकडे असेन तर काहीच करायचं नाही. ‘दे’ म्हणजे माझ्यावर काम आलं. ‘येतोय’ म्हणजे तुम्ही तुमचं सांगितलंत. वाशीच्या दादांनी लिहिलंय की जबाबदारी पुढे जाणाऱ्याची. मग क्रियापदही त्याचंच हवं.

आणि वळणात असेन तर थांबा. तीन सेकंद गेले तरी चालतील. सरळ पट्टी आली की मी स्वतःच “जा” म्हणते. तो ‘जा’ मात्र माझा असू द्या.

अंधेरीहून

हे आवडलं. आमच्या गटात आजपासून सुरू करतो. ‘ब्लू’ तसाच ठेवतो, रागवू नका.

गिरगावातून

रागावण्याचं कारणच नाही. ‘येतोय’ची गोष्ट मला पटली. कोळीही होडी वळवताना शेजारच्याला ओरडून सांगतात ते स्वतःची दिशाच.

मुलुंडहून

सगळ्यांचे आभार, ठाण्याच्या ताईंचे विशेष. तीन वर्षांत मी कितीजणांकडे साइड मागितली असेल आणि त्यातल्या कितीजणांना कुठली ते कळलं नसेल, हे आज जाणवलं.

त्या मुलाला मेसेज केला होता. तो पुढच्या शर्यतीला येणार नाही म्हणाला, सगळ्यांची वाट लावतो असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, वाट मी लावली, तू सांगितलं ते केलंस. गुरुवारी रात्री फक्त आम्ही दोघेच स्पावर उतरलो. आधी मी संथ चाललो आणि त्याला माझ्यावर फेरी चढवायला लावली. पहिल्या वेळी तो गप्पच होता, दुसऱ्या वेळी हळूच म्हणाला, “डावीने येतोय.” मी लाइन धरली, तो निघून गेला.

मग जागा बदलल्या. केमेलवर तो डावीकडे होता. त्याला निळा बावटा लागला.

“उजवीने येतोय.”

“या दादा, मी इथेच आहे,” तो म्हणाला, आणि खरंच ब्रेक मारेपर्यंत तसूभरही हलला नाही.