अ‍ॅडम गुड्सची हुर्यो: प्रेक्षकांचा हक्क की माज?

वेस्टमीडकर
काल क्रिकेटच्या गप्पांत फटकळ यांनी जाता जाता एक वाक्य टाकलं: "गुड्ससारखं रडत बसण्यापेक्षा खेळाडूने कातडी जाड ठेवावी." उत्तर तिथे मावणार नाही, म्हणून वेगळा धागा.

रडका कोण? ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमधला (एएफएल) सिडनी स्वान्सचा आदिवासी खेळाडू. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे, ४३व्या क्रमांकावर उचललेलं पोरगं. पुढे ३७२ सामने, ४६४ गोल, २००३ आणि २००६ अशी दोन ब्राउनलो पदकं (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूची), २००५ आणि २०१२ ची विजेतेपदं. २०१२ च्या फायनलमध्ये गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला, तरी गडी बाहेर गेला नाही आणि शेवटच्या क्वार्टरला गोल मारला. अजून किती मिलिमीटर जाड पाहिजे कातडी?

२४ मे २०१३, मेलबर्नचं एमसीजी मैदान. प्रतिस्पर्धी कॉलिंगवुड क्लबच्या बाजूने एक मुलगी त्याला 'एप' (वानर) म्हणून ओरडली. त्याने बोट दाखवलं. मुलगी १३ वर्षांची निघाली, तर दुसऱ्या दिवशी हाच माणूस सांगतोय की तिला दोष देऊ नका, तिला आधार द्या. कॉलिंगवुडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर त्या रात्री स्वतः ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागून आले, आणि पाच दिवसांत रेडिओवर गुड्सचं नाव किंग काँगच्या जाहिरातीला जोडून मोकळे झाले! २०१५ मध्ये तर सीझनभर त्याच्या हातात बॉल आला की हुर्यो. सप्टेंबरात निवृत्त झाला. फायनलच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानावर फेरी मारून निरोप देतात, तिथेही तो गेला नाही.

फटकळ
झोप उडवल्याबद्दल क्षमस्व. आता वस्तुस्थिती. गुड्स फ्री किकसाठी लोळायचा, हे मेलबर्नच्या कुठल्याही पबमध्ये विचारा. लोक त्यावर चिडले होते. त्याच संघात बडी फ्रँकलिन होता, तोही आदिवासीच. त्याची का नाही उडवली हुर्यो? आणि ती १३ वर्षांची पोर! सिक्युरिटीने बाहेर काढली, पोलिसांनी प्रश्न विचारले. पंधरा-वीस फूट अंतरावरून बोट दाखवणारा सव्वासहा फुटी हीरो.

वेस्टमीडकर
बडीचा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात, धन्यवाद. रंग खटकत नव्हता हो, तोंड खटकत होतं. २०१४ ला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि वर्षभर वंशभेदावर बोलत फिरला. आईला लहानपणी सरकारने घरातून उचलून नेलेली, त्याने बोलायचं नाही तर कोणी? फ्री किकसाठी तो १९९९ पासून लोळत होता असं धरू. मग लोकांना राग यायला १६ वर्षं लागली?

खारी_बिस्किट
२९ मे २०१५ चा नाच विसरलात का सगळे? कार्लटन क्लबविरुद्ध गोल मारून त्याने प्रतिस्पर्धी समर्थकांकडे बघत युद्धनृत्य केलं, भाला फेकल्याचा आविर्भाव. तोही इंडिजिनस राउंडमध्ये, म्हणजे ज्या आठवड्यात लीगच त्यांची संस्कृती साजरी करत होती. यावर "धमकी दिली" म्हणून गदारोळ. न्यूझीलंडवाले 'हाका' (माओरी युद्धनृत्य) करतात तेव्हा सगळे मोबाईल काढून उभे.

आणि फटकळ, २०२१ ला सिडनीच्या मैदानावर (एससीजी) आपल्या सिराजने शेरेबाजीवरून स्टँडकडे बोट दाखवलं, सामना थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. तेव्हा तुम्ही "शाब्बास पठ्ठ्या" लिहिलं होतं. तुमचा प्रतिसाद मला आठवतोय.

फटकळ
सिराजसमोर बाप्ये होते, शाळकरी पोर नव्हती. जमीन-अस्मानाचा फरक आहे ताई.

नॉर्थस्टँडवाला
सिराजपर्यंत आलातच तर थोडं मागे जाऊ. १७ ऑक्टोबर २००७, वानखेडे. मुरली कार्तिकने सहा काढले तो सामना. मी होतो तिथे. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स दिसला की माझ्या मागच्या रांगेतले माकडाचे हावभाव करत होते. त्याआधी बडोद्यालाही हेच. आम्ही काय केलं? हसलो. मी वडापाव खात खात हसलो, बायकोची शपथ. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि ऑफिसात चर्चा कसली, तर "गोरे उगाच भाव खातात"! सायमंड्स गोरा नव्हताच, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

अवांतरवीर
काका, लोक त्याला हनुमान म्हणत होते असं तेव्हा ऐकलं होतं. आपल्याकडे माकड म्हणजे शिवी नाही.

नॉर्थस्टँडवाला
मग तुमच्या साहेबाला उद्या म्हणून बघा. प्रेमाने.

अवांतरवीर
साहेबाचं सोडा. २००८ च्या सिडनी कसोटीत भज्जीवर सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप ठेवून तीन कसोटींची बंदी कशाच्या जोरावर लादली? पुरावा शून्य. सचिन समोरच उभा होता, त्याने साक्ष दिली. अपिलात बंदी उठली, अर्ध्या मॅच फीचा दंड राहिला, तोही साध्या शिवीगाळीचा. 'माँ की' आणि 'मंकी' यातला फरक त्यांना कळत नाही, यात आपला काय दोष?

खारी_बिस्किट
म्हणजे आईवरून शिवी दिली हा आपला बचाव! आणि तो अभिमानाने सांगायचा.

अवांतरवीर
सचिनला खोटारडा म्हणताय का? स्पष्ट म्हणा.

खारी_बिस्किट
मी सचिनचं नावही घेतलेलं नाही. नीट वाचायला शिका आधी, मग भांडायला या.

वेस्टमीडकर
धागा गुड्सवर आहे. आठवण म्हणून सांगतोय.

पर्थचा_पक्या
गुड्सवर बोलतो मग. जुलै २०१५, पर्थचं सुबियाको मैदान, वेस्ट कोस्ट क्लबविरुद्ध. मला इथे येऊन आठ महिने झाले होते, ऑफिसातल्या मित्राने फुकट तिकीट दिलेलं. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ३७ नंबरच्या माणसाकडे बॉल गेला की सगळं स्टेडियम 'ऊऽऽ' करायचं. मला वाटलं, पद्धत असेल. मीही केलं. दोन-तीनदा, जोरात. मग त्याच्याच संघातल्या लुइस जेटाने गोल मारून तसाच नाच केला आणि शेजारचा म्हातारा असं काही बोलला की माझा आवाज बसला. फ्री किकबद्दल अक्षर नव्हतं त्यात. त्यानंतर गुड्स रजेवर गेला. पुढच्या सामन्यात सिडनीच्या लोकांनी तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्या ३७ नंबरसाठी. तो मी घरी टीव्हीवर पाहिला. बायकोला सुबियाकोचं सांगितलं नव्हतं, अजूनही नाही.

फटकळ
पक्या, तू मेंढरू होतास म्हणून सगळा कळप वंशद्वेष्टा ठरत नाही. असो. मग २०१९ मध्ये लीगने आणि अठराही क्लबांनी जाहीर माफी मागितली, तरी २०२१ ला साहेबांनी हॉल ऑफ फेम नाकारला. हा माज नाही?

वेस्टमीडकर
मांडवातून हाकलायचं आणि सहा वर्षांनी बारशाचं आमंत्रण पाठवायचं. गेलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? त्याचा वेळ सिडनीच्याच जुन्या सहकारी मायकल ओलॉक्लिनबरोबर काढलेल्या जीओ फाउंडेशनला जातो, आदिवासी मुलांच्या शिष्यवृत्त्यांना. तिकडे मात्र कोणी हुर्यो करायला जात नाही.

फटकळ
बरं बाबा. 'रडका' शब्द मागे. वानखेडेवाल्या काकांमुळे, तुमच्या भाषणामुळे नाही. फ्री किकचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. लोळायचा म्हणजे लोळायचा.

अवांतरवीर
आणि 'माँ की'चं काय ठरलं?