आधी फ्यूज, मग ब्लूटूथ

तुम्ही बनवताय त्या नव्या मल्टिमीटरच्या (व्होल्टेज, करंट मोजायच्या मीटरच्या) फीचर्सच्या यादीत ब्लूटूथ, रंगीत डिस्प्ले सगळं आहे, फ्यूजचा मात्र पत्ताच नाही! शिकाऊ माणूस हमखास एक घोळ घालतो: करंट मोजून झाला तरी लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहते, आणि प्रोब (वायरींची टोकं) जातात थेट २३० व्होल्टच्या प्लगमध्ये. त्या सॉकेटमधून करंटला अडथळा जवळजवळ नाहीच, म्हणजे सरळ शॉर्ट. साध्या काचेच्या फ्यूजमध्ये तार वितळली तरी आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत) चालू राहू शकतो; वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी (मोठा करंट सुरक्षित तोडणारा) फ्यूज तो विझवतो. महाग पडेल, पण तिथे काटकसर नको. फ्यूजचा साइज मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळेल असाच घ्या, नाहीतर लोक फ्यूजच्या जागी तार गुंडाळून मोकळे होतात. कंटिन्युइटीचा (वायर अखंड आहे का तपासायचा) बीप झटकन वाजू दे. लॉगिंग (रीडिंगची नोंद ठेवणं) वगैरे पुढच्या मॉडेलला बघू.