सपाट गच्चीवर गिट्टीचा थर: नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल का?

प्रश्न (गच्चीधारक, त्रिमूर्तीनगर):

नमस्कार. आमच्या दुमजली घराची गच्ची साधारण १,२०० चौरस फुटांची असून ५ इंची स्लॅबवर बांधकामाच्या वेळचा, सरासरी ४ इंच जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. कोब्याला जागोजागी भेगा गेल्यामुळे पावसाळ्यात वरच्या खोलीत ओल उतरते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तीच खोली रात्री अकरा-बारापर्यंत इतकी तापलेली राहते की कूलर लावूनही झोप लागत नाही. एका कंत्राटदाराने कोबा तसाच ठेवून त्यावर जलरोधक शीट नुसती अंथरावी आणि वर ३ इंच गिट्टी पसरावी, असे सुचवले आहे. शीट चिकटवण्याची गरज नाही, दगडांच्या वजनानेच ती जागेवर राहते, परदेशात मोठमोठ्या इमारतींवर हीच पद्धत वापरतात आणि त्यामुळे उष्णताही कमी होते, असे त्याचे म्हणणे आहे. आमचा स्लॅब हे वजन पेलेल का आणि रात्रीचा उकाडा खरोखर कमी होईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (स्ट्रक्चरल, रामदासपेठ):

आधी वजनाचा हिशेब करू. १,२०० चौरस फुटांवर ३ इंच थर म्हणजे ३०० घनफूट, अर्थात ३ ब्रास गिट्टी. एका ब्रासचे वजन साडेचार टनांच्या आसपास धरले, तर गच्चीवर सुमारे साडेतेरा टन, म्हणजे दर चौरस मीटरला १२० किलोच्या जवळपास नवा भार येतो. इमारतींवरील भारांविषयीचे भारतीय मानक आयएस ८७५ याच्या दुसऱ्या भागानुसार, ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा असते त्यासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दीडशे किलो, इतका चलभार (माणसे, सामान यांचा येता-जाता भार) धरतात. परंतु ही तरतूद माणसांसाठी आणि दुरुस्तीच्या कामासाठी असते, कायमच्या दगडांनी ती खाऊन टाकायची नसते. शिवाय तुमचा ४ इंची कोबा चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतो, तो आधीच तिथे बसलेला आहे. त्यामुळे कोबा न काढता वर गिट्टी घालण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

कोबा काढला तर मात्र चित्र पालटते, कारण गिट्टीचा थर कोब्यापेक्षा हलका आहे. गच्चीचा ढाळ कोब्यातच असतो, त्यामुळे तो काढल्यावर निदान १०० ला १ असा नवा ढाळ द्यावा लागेल आणि त्याचे वजनही हिशेबात धरावे लागेल. स्लॅबच्या खालच्या बाजूस सळया गंजून प्लास्टर फुगले आहे का, हे एखाद्या अभियंत्याकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दगड वर चढवताना मजूर एकाच कोपऱ्यात ढीग लावतात. ३ फूट उंचीच्या ढिगाखाली चौरस मीटरला जवळजवळ दीड टन भार पडतो. दगड जसजसे वर येतील तसतसे ते पसरलेच पाहिजेत.

उत्तर २ (तापमान व वास्तू):

कंत्राटदाराचे विधान खोटे नाही, पण ते ज्या इमारतींविषयी खरे आहे त्या तुमच्या घरासारख्या नाहीत. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने दगडांचा थर दिलेली छपरे आणि पांढरी परावर्तक छपरे यांची तुलना केली, तेव्हा पुरेसा जड थर पांढऱ्या छपराच्या तोडीस उतरतो असे आढळले. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा नियमांतही जलरोधक शीटच्या वर चौरस फुटाला २५ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२२ किलो वजन असलेल्या छपराला परावर्तक पृष्ठभागाच्या अटीतून सूट आहे, आणि योगायोगाने तुमची ३ इंच गिट्टी नेमकी तेवढीच भरते. मात्र तिथे ही पद्धत मुख्यतः पोलादी पत्र्याच्या छपरांवर असते. त्या पत्र्याला स्वतःचे वस्तुमान जवळजवळ नसते, शीटखाली उष्णतारोधक थर आधीच असतो आणि इमारती बहुधा दुकाने, गोदामे किंवा कार्यालये असतात. दगड दुपारची उष्णता धरून ठेवतात आणि ती आत पोहोचेपर्यंत इमारत बंद झालेली असते.

आपल्याकडील काँक्रीटचा स्लॅब हेच काम आधीपासून करत आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडतो आणि तुमची तक्रारही नेमकी रात्रीचीच आहे. त्यावर आणखी वस्तुमान चढवले तर दुपारचा कमाल ताप थोडा उतरेल, कारण दगडांमधील पोकळीत हवा असते आणि उष्णता फक्त टेकलेल्या बिंदूंतून खाली जाते. परंतु उरलेली उष्णता आणखी उशिरा, ऐन झोपेच्या वेळी उतरेल. त्यात आपल्याकडची गिट्टी काळ्या बसाल्टची असल्यामुळे ऊन परत पाठवण्याऐवजी शोषून घेते. दिवसा चालणाऱ्या कार्यालयासाठी हा सल्ला मी मान्य केला असता, शयनगृहासाठी करणार नाही.

तुम्हाला वस्तुमानाची नव्हे, उष्णता अडवणाऱ्या अवरोधाची गरज आहे. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार (ऊर्जा बचतीचे नियम) छपराचे यू-मूल्य, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आत येते याचे माप, १.२ पेक्षा अधिक नसावे. नुसत्या स्लॅबचे ते ३ च्या वर असते, तर त्यावर २ इंच एक्सपीएस (पाणी न शोषणाऱ्या कडक पॉलिस्टायरीन) फोमचे बोर्ड घातल्यास ते ०.५ च्या आसपास येते. कोबा काढून ढाळ द्यावा, त्यावर जलरोधक थर, त्यावर एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम) कापड आणि सर्वांत वर २ इंच दगड, अशी रचना केल्यास दगडांना त्यांचे योग्य काम मिळते. फोम पाण्यावर तरंगतो आणि उन्हाने खराब होतो, दगड त्याला दाबून ठेवतात आणि झाकतात. जलरोधक थरही सर्वांत खाली राहिल्यामुळे त्याला ऊन लागत नाही. साधे थर्माकोल या जागी वापरू नये, कारण ते पाणी धरते.

प्रश्नकर्ता:

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. कोबा काढण्याची तयारी आहे. मात्र गच्चीवर उन्हाळ्यात आईच्या वड्या-कुरडया वाळतात, कूलर आणि पाण्याची टाकी आहे, आणि पुढे सौर पॅनेल बसवण्याचाही विचार आहे. सगळीकडे दगड असतील तर वावरायचे कसे? आणि हे दगड नेमके कोणते घ्यावेत?

उत्तर ३ (वॉटरप्रूफिंग, हिंगणा रोड):

वावरण्याच्या भागात दगडांऐवजी सिमेंटचे सुटे पेव्हर फोमवर अंथरावेत. ते वजनाचे कामही करतात आणि वड्यांना सपाट जागाही मिळते. टाकीचे ओटे आणि सौर पॅनेलचे पाय जलरोधक थराच्या आधी थेट स्लॅबवर बांधून घ्यावेत, कारण नंतर छिद्रे पाडली की सगळे काम फुकट जाते.

दगड शक्यतो नदीचे गोल, धुतलेले आणि साधारण ४० मिलिमीटर आकाराचे असावेत, आणि रॉयल्टीच्या (सरकारी खनिज शुल्काच्या) पावतीसह घ्यावेत. खडीच्या मशीनवरील गिट्टीला धारदार कडा असतात. तीच घ्यावी लागली तर कापड जाड वापरावे आणि गिट्टी आधी धुऊन घ्यावी, अन्यथा तिची भुकटी पहिल्याच पावसात पाइपाच्या तोंडाशी गाळ करते. पाइपाच्या तोंडाला उभी जाळी बसवून भोवती मोठे गोटे लावावेत.

शीट नुसती अंथरण्याऐवजी डांबरी मेम्ब्रेन टॉर्चने पूर्ण चिकटवून घ्यावी, असे माझे मत आहे. सुट्या शीटखाली शिरलेले पाणी कुठेही फिरते आणि गळतीची जागा दगडांखाली शोधणे हे अतिशय कंटाळवाणे काम आहे. फोम टाकण्यापूर्वी गच्चीत ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि तोपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे देयक थांबवावे. नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, आणि उन्हाळी वादळात वाऱ्याचा वर खेचणारा जोर कोपऱ्यांत व कडांना सर्वाधिक असतो. म्हणून गच्चीच्या कडेने दगडांऐवजी पेव्हरची रांग लावावी. धुळीमुळे दगडांत पिंपळाची रोपे उगवतात, ती दरवर्षी पावसाळ्याआधी उपटावी लागतील.

उत्तर २ (तापमान व वास्तू):

वरील सूचनांशी मी सहमत आहे. खर्च यंदा झेपत नसेल, तर कोब्याच्या भेगा भरून त्यावर जलरोधक लेप आणि पांढऱ्या चायना मोझॅकचे (चकचकीत टाइल्सचे) तुकडे लावून घ्यावेत. उष्णता एक्सपीएसइतकी अडणार नाही, परंतु बरेचसे ऊन वरच्या वर परत जाईल आणि ओल थांबेल. मोझॅकचे वजन थोडेच असले तरी कोबा तसाच राहणार असल्याने स्लॅबची तपासणी याही पर्यायात टाळू नये.