मदत हवी आहे: दाट कुरळ्या केसांवर सात मिनिटांत पांढरा रंग (नाटकासाठी), रात्री धुवून निघायलाच हवा

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी ग्रुपचं दोन अंकी नाटक यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला आहे, केंद्र सांगली, भावे नाट्यमंदिर. मी ३३ वर्षांची, आणि भूमिका अशी की पहिल्या अंकात पंचविशीतली सून, केस मोकळे सोडलेले, आणि दुसऱ्या अंकात तीच बाई साठी ओलांडलेली. मध्यंतर दहा मिनिटांचं, त्यातली तीन साडी बदलण्यात जातात, म्हणजे केस पिकवायला माझ्या हातात सात मिनिटं. आणि केस म्हणजे दाट, स्प्रिंगसारखे कुरळे, रबरबँडचे दोनच वेढे बसतात असे. खालच्या चार बोटांत दोन वर्षांपूर्वीच्या हायलाइट्सचा ब्लीच केलेला भागही अजून शिल्लक आहे. प्रयोग रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी मी बँकेत काउंटरवर, तेव्हा पर्मनंट काही करायचा प्रश्नच नाही.

मागच्या आठवड्यात रंगीत तालीम झाली तेव्हा बाजारातला पांढरा टेम्पररी कलर स्प्रे आणून मारला. काय काय झालं ते सगळं सांगते म्हणजे तुम्हाला नेमकं कळेल. स्प्रे फक्त वरवरच्या बटांवर बसला, मान वळवली की आतले काळेभोर केस दिसायचे. जिथे जास्त बसला तिथे केस कुंच्यासारखे कडक झाले आणि दोन-दोन बटा एकमेकींना चिकटल्या. लाईट पडल्यावर पांढरा न दिसता निळसर राखाडी दिसायला लागला, म्हातारपण न वाटता भस्म फासल्यासारखं वाटत होतं. साडी गडद जांभळी, तिच्या खांद्यावर सगळा चुरा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटच्या प्रवेशात मुलगी आईच्या डोक्यावरून हात फिरवते, हे आमच्या नाटकातलं सगळ्यात हळवं ठिकाण आहे, तिथे तिचा तळवा पांढराफटक झाला आणि तो समोर बसलेल्या चौघांनाही दिसला. मला रडू यायचं बाकी होतं, कारण तो प्रवेश बसवायला आम्ही दीड महिना घालवलाय.

घरी येऊन तीनदा शाम्पू केला. आमच्याकडे बोअरचं पाणी, फेसच येत नाही नीट. रंग गेला पण केसांचा पार काथ्या झाला, पुढचे तीन दिवस कर्ल्स बसलेच नाहीत, नुसता पसारा.

तर माझा प्रश्न असा की कुरळ्या दाट केसांवर टेम्पररी रंग एकसारखा कसा बसवतात, तो झडू नये म्हणून काय करायचं, आणि केसांचे हाल न करता काढायचा कसा? स्प्रे सोडून वॅक्स, जेल, खडू असं काही सात मिनिटांत जमेल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया डिटेलमध्ये लिहा, मला खरंच गरज आहे.

रंगपेटी

ताई, मी मिरजेत हौशी नाटकांना रंगभूषा करतो, बरीच वर्षं झाली. पहिली गोष्ट, सगळे केस पांढरे करायचा नाद सोडा, सात मिनिटांत ते कुणालाच जमणार नाही आणि गरजही नाही. बहुतेकांचे केस आधी कानशिलांवर पिकतात, मग कपाळाच्या कडेला आणि भांगात. तेवढंच करा, बाकीचं प्रेक्षक मनानेच पिकवतो.

दुसरं म्हणजे आधी अंबाडा, मग रंग. तुम्ही मोकळ्या केसांवर मारला म्हणून आतलं काळं दिसलं. केस मागे घेऊन जाळी लावून घट्ट अंबाडा घाला, आता बाहेर दिसणारा भाग केवढा उरला? तळहाताएवढा. स्प्रे वापरायचाच तर एक वीत लांबून, आणि थेट केसांवर न मारता जुन्या टूथब्रशवर मारून तो ब्रश कपाळाकडून मागे ओढायचा. एकेक केस उठून दिसतो, पट्टे पडत नाहीत.

निळसर दिसण्याचं कारण असं की काळ्यावर पांढऱ्याचा पातळ थर बसला की तो निळाच भासतो, वरून आमचे हल्लीचे एलईडी लाईट थंड, निळसर छटेचे. पूर्वी आमचे गुरुजी सफेदा (पांढरी पूड) पाण्यात कालवायचे तेव्हा त्यात चिमूटभर पिवळसर पॅनकेक (चेहऱ्याला लावायचा मेकअप) घालायचे, ते याच्यासाठी. तुम्ही शुद्ध पांढरा न घेता हस्तिदंती छटा घ्या. आणि विंगेतल्या आरशात बघून ठरवू नका, कुणाला तरी दहाव्या रांगेत बसवा.

मुलीच्या हाताचं म्हणाल तर दिग्दर्शकांना सांगून तिचा हात अंबाड्यावर घ्या, तिथे रंगच लावायचा नाही.

एक कळकळीची सूचना, हे स्प्रे पेट घेतात. नटराजपूजेची समई, उदबत्ती आजूबाजूला असताना मेकअप रूममध्ये डबा दाबायचा नाही.

घुंगुरकेस

माझेही थ्री सी कर्ल्स (म्हणजे घट्ट, बारीक वळणांचे कुरळे केस) आहेत म्हणून काढण्याबद्दल लिहिते. कुरळा केस मुळात कोरडा असतो, डोक्यातलं तेल वळणावळणातून खालपर्यंत पोचत नाही, आणि केसाच्या वरच्या थराचे बारीक खवले जरा उघडे असतात. टेम्पररी रंगाचे कण केसाच्या आत जात नाहीत, नुसते वर बसतात, तरी ते या खवल्यांत अडकतात म्हणून सरळ केसवाल्या मैत्रिणीचा एका धुण्यात जातो आणि आपला जात नाही.

म्हणून पहिल्या अंकाच्या आधीच केसांना लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं) कंडिशनर लावून पूर्ण वाळू दे. तो पातळ थर मध्ये राहिला की रंग सुटायला सोपा जातो, केस कुंचाही होत नाही.

घरी आल्यावर लगेच पाणी घालू नकोस, ही चूक सगळे करतात. कोरड्या केसांवरच, जिथे रंग आहे तिथे भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल चोळ, दहा-पंधरा मिनिटं थांब, बोटांनी टोकाकडून वर सोडवत ये, मग शाम्पू फक्त त्याच भागाला. अख्ख्या केसांना तीन-तीन शाम्पू म्हणजे स्वतःच्या हाताने काथ्या करणं. कंगवा रुंद दातांचा, तोही कंडिशनर असतानाच.

आणि तुझ्या ब्लीच केलेल्या टोकांना सिल्व्हर नावाचं काही लावू नकोस, सिल्व्हरमध्ये बऱ्याचदा जांभळी-निळी झाक असते आणि ब्लीच केलेला केस ती धरून ठेवतो. टोकं अंबाड्याच्या आत जाऊ देत.

वॅक्स छान बसतं पण दमट केसांवर लावून वाळवावं लागतं, सात मिनिटांत नाही होणार.

मुक्काम_पुणे

सरळ विग का नाही घेत? भाड्याने मिळतो.

मूळ धागाकर्ती

विग घालून पाहिला होता हो, पण एवढ्या दाट केसांवर बसवला की डोकं टोपल्याएवढं दिसतं, आणि केस चापून बसवण्यातच पंधरा मिनिटं गेली.

दवाखान्यातली

नवीन काहीही लावायच्या आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून ४८ तास बघा. टेम्पररी असलं तरी सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हने खाज उठू शकते, आणि प्रयोगाच्या दिवशी कपाळावर पुरळ नको. डब्यावर काय काय घातलंय ते लिहिलेलंच नसेल तर घेऊच नका.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तालमीत करून पाहिलं म्हणून लगेच लिहितेय.

रंगपेटी दादा, तुमचं कानशिलाचं वाचलं आणि गेल्या रविवारी आईच्या डोक्याला तेल लावताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिचेही केस माझ्यासारखेच कुरळे. डाव्या कानशिलावर पांढऱ्याचा बोटभर रुंद पट्टा आहे, उजवीकडे जेमतेम आठ-दहा केस, आणि ते पांढरे केस बाकीच्यांपेक्षा राठ, तारेसारखे, मागे घेतले तरी उठून बाहेर येणारे. इतकी वर्षं तेल लावतेय पण हे कधी दिसलंच नव्हतं. आईला विचारून फोटो काढला आणि काल तसंच्या तसं केलं, डावीकडे जास्त, उजवीकडे थोडं, आणि दोन-तीन केस मुद्दाम अंबाड्यातून सुटे ठेवले.

अंबाडा दोन मिनिटं, टूथब्रशने रंग तीन मिनिटं, एक मिनिट हातपंख्याने वारा. वेळ उरला! हस्तिदंती छटा आमच्या मेकअपवाल्या काकांनी पांढऱ्यात पॅनकेक मिसळून करून दिली. दिग्दर्शक मागे बसले होते, म्हणाले पहिल्या वाक्यालाच वय पोचलं. मुलीचा हात अंबाड्यावर घेतला, तळवा स्वच्छ राहिला. साडी पण बदलली, आता बदामी आहे, त्यावर थोडं झडलं तरी दिसत नाही.

घुंगुरकेस ताई, कोरड्या केसांवर कंडिशनर लावून वीस मिनिटं ठेवला, एका शाम्पूत सगळं गेलं, आज कर्ल्स जागेवर आहेत. फक्त कपाळाच्या कडेच्या बारीक केसांवरचा रंग घामाने ओघळतो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी भुवईपर्यंत येतो, लाईटची उष्णता फार असते तिथे. तिथे आधी थोडी ट्रान्सल्युसंट (रंग न दिसणारी) पावडर दाबली तर चालेल का, की रंग अर्धा इंच मागूनच सुरू करू? दादा, वेळ मिळाला तर एवढं सांगा, प्रयोगाला अजून नऊ दिवस आहेत.