काढता येणारी बॅटरी असलेला चांगला फोन आता मिळतच नाही का?

कातरवेळ

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

गेल्या रविवारी कपाट आवरताना दोन जुने फोन हाती लागले. एक २०१४ चा गॅलेक्सी एस५. दुसरा त्यानंतर घेतलेला, काचेच्या पाठीचा, बॅटरी आत बंद असलेला. त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाहीच. दोन्ही फोन बरीच वर्षं पडून होते आणि दोन्हींच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या.

एस५ चं मागचं झाकण एका कडेने वर उचललं गेलं होतं. खाचेत नख घातलं आणि ते कडकड करत सुटलं. बॅटरी काढून टेबलावर ठेवली, बोटाने हलकेच ढकलली, तर ती मधल्या फुगवट्यावर भोवऱ्यासारखी गरगर फिरली. सपाट बॅटरी अशी फिरत नाही, जागच्या जागी अडते. ती बाजूला काढली, नवी मागवली आणि चार दिवसांनी फोन सुरू झाला. त्यात मुलगी अडीच वर्षांची असतानाची रेकॉर्डिंग होती. तेव्हा ती विमानाला ‘मिवान’ म्हणायची, हे मी पार विसरून गेले होते.

दुसऱ्या फोनचा डिस्प्ले एका बाजूने फ्रेमपासून सुटला होता, फटीतून नखाएवढी काळी कड दिसत होती. तो दुरुस्तीला दिला. त्यांनी गरम करून उघडायला घेतला आणि डिस्प्ले खालच्या कोपऱ्यापासून तडकला. स्क्रीन काळी. स्क्रीन नाही म्हणजे पिन टाकायला जागा नाही, आणि पिन नाही म्हणजे आतले फोटोही नाहीत. फोन तसाच परत आणला.

आता माझा रोजचा फोन साडेतीन वर्षांचा झालाय आणि ३० टक्क्यांवर असताना पटकन बंद पडतो. मी जुन्या हस्तलिखितांची पानं टिपण्याचं काम करते. दिवसाला सहाशे-सातशे फोटो होतात, त्यामुळे कॅमेरा उत्तमच लागतो. पूर्वी पिशवीत भरलेल्या दोन बॅटऱ्या असायच्या; संपली की बदलली, अर्ध्या मिनिटात शंभर टक्के. आता पॉवर बँकेची केबल पोथीच्या पानांवर लोंबकळत असते आणि दर वेळी माझा जीव वर-खाली होतो. पानं इतकी ठिसूळ आहेत की केबलच्या टोकाने कोपरा मोडतो.

तर प्रश्न: वरच्या श्रेणीत बॅटरी काढता येणारा फोन आज आहे का? आणि पाण्यापासून बचावासाठी बॅटरी फोनच्या आत बंद करावी लागते असं सगळे सांगतात, ते खरं आहे का?

---

चिमटा

मी सोळा वर्षं फोन दुरुस्त करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्याचं कारण अर्धंच खरं आहे. त्याचा पुरावा तुमच्याच कपाटात आहे. एस५ चं झाकण नखाने निघतं आणि तरी त्याला आयपी६७ दर्जा होता, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. झाकण उलटं करून बघा, आतून बारीक रबरी कड फिरलेली दिसेल. २०२२ चा गॅलेक्सी एक्सकव्हर६ प्रो तर आयपी६८, म्हणजे पाण्यापासून बचावात त्याहून वरच्या दर्जाचा आहे, आणि त्याचीही बॅटरी हाताने निघते. मात्र त्या रबरी कडेत एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला की संपलं, तिथून पाणी शिरतं. कारखान्यात लावलेला गोंद कोणी रोज उघडत-लावत नाही, हा त्याचा फायदा मान्य करायलाच हवा.

खरं कारण जागेचं. बॅटरी आत बंद असलेल्या फोनमध्ये ती म्हणजे एक मऊ पाकीट असतं. बाहेरून ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचं पातळ आवरण, आत थरावर थर. हे पाकीट पिशवीत टाकून फिरता येणार नाही. किल्ली टोचली तरी पेट घेऊ शकतं. म्हणून सुट्या बॅटरीला कडक कवच द्यावं लागतं, फोनमध्ये तिच्यासाठी भिंतींचा कप्पा करावा लागतो, स्प्रिंगचे संपर्क आणि वर झाकण. या सगळ्यात जी जागा जाते ती बॅटरीच्या क्षमतेतूनच जाते. शिवाय आता इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराच्या किंवा दोन सेलच्या बॅटऱ्या येतात, त्या सुट्या करून देणं अवघडच.

पण एक गोष्ट मला आजही बोचते. एस५ ची बॅटरी २८०० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), फोनची जाडी ८.१ मिमी. पुढच्या वर्षी एस६ आला: बॅटरी बंद, जाडी ६.८ मिमी, आणि क्षमता २५५०. वाचलेली जागा बॅटरीला मिळालीच नाही, बारीकपणाला मिळाली. नंतर बॅटऱ्या मोठ्या झाल्या हे खरं, पण पहिला सौदा असा झाला होता.

तुमच्या रोजच्या फोनबद्दल: बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला, प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला, की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. चार्ज शिल्लक असतो, पण तो हवा तेवढ्या जोराने देता येत नाही. जुन्या आयफोनचा वेग याच कारणाने कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. म्हणजे तुम्हाला कदाचित नव्या फोनची नव्हे, नव्या बॅटरीची गरज आहे.

आणि थेट उत्तर: तुम्हाला हवा तसा कॅमेरा आणि नखाने निघणारी बॅटरी एकत्र मिळेल असा फोन मी आज सुचवू शकत नाही. २०१६ च्या एलजी व्ही२० ला कडेचं बटण दाबलं की धातूची पाठ उघडायची, आत ३२०० एमएएचची बॅटरी. पुढच्या वर्षी जी६ आला तो बंदच. आता फेअरफोन ५ आहे, २०२३ चा, ४२०० एमएएच, बॅटरी हाताने निघते. फोन प्रामाणिक आहे, पण कॅमेरा पहिल्या रांगेतला नाही. एक्सकव्हरचंही तेच.

ती गरगर फिरलेली बॅटरी घरात ठेवू नका. टोचू नका, दाबून सपाट करू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर ती गळतेय असं समजा.

---

पाणवठा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. सुटी बॅटरी असलेला माझा फोन हातातून निसटला की तीन दिशांना तीन वस्तू जायच्या: झाकण कोचाखाली, बॅटरी दाराशी आणि फोन पायाशी. जोडून चालू केला की कधी तारीखच बदललेली असायची. पुढे तोच फोन भरल्या बादलीत पडला आणि गेला.

त्यानंतरचा बंद फोन पाच वर्षं वापरतोय. दोनदा पाण्यात पडला, काही झालं नाही. मध्ये एकदा बॅटरी बदलून घेतली, तासाभराचं काम. आता वीस मिनिटं चार्जिंगला लावला तर अर्धा दिवस निघतो, मग सुटी बॅटरी बाळगायची कशाला? कातरवेळ यांचं काम वेगळं आहे हे कबूल. पण बहुतेकांना पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलायची असते, रोज नाही.

---

सायंप्रकाश

थोडं थांबा असं सुचवेन. युरोपीय संघाचा बॅटरीचा कायदा २०२३ मध्ये झालाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. एवढ्या मोठ्या बाजारासाठी कंपन्या वेगळा फोन थोडाच बनवतील? झाकणाचे फोन परत येणार.

---

चिमटा

सायंप्रकाश, मलाही ते आवडलं असतं, पण तसं होईल असं वाटत नाही. फोनसाठी त्यांचा वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू झालाय आणि त्यात एक वाट मोकळी ठेवली आहे. बॅटरी ५०० चक्रांनंतर ८३ टक्के आणि १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन धुळीपासून व एक मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित असेल, तर ती ग्राहकाला काढता आलीच पाहिजे असं बंधन नाही. महागडे फोन याच वाटेने जातील. (एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर; दोन दिवस अर्धी-अर्धी वापरली तरी एकच चक्र.)

मला त्या नियमातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत.

---

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठा, तुमचं म्हणणं पटलं, पाच वर्षांत एकदाच बदलायची हेही खरं. पण ती एक वेळ माझ्या दुसऱ्या फोनला भारी पडली.

चिमटा, एक शंका आहे. एस५ ला घातलेली नवी बॅटरी अर्ध्या दिवसात उतरते. विकणारा ओरिजिनल म्हणाला होता. आणि नवा फोन घ्यायचाच झाला तर नेमकं काय बघू?

---

चिमटा

ती ‘नवी’ नसणार. एस५ बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आज मिळणारी बॅटरी एकतर तेव्हाच्या साठ्यातली असते, नाहीतर वरचं लेबल खोटं असतं. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली तर लवकर, निम्मी भरून थंड जागी ठेवली तर सावकाश. म्हणजे झाकण उघडणं ही अर्धीच सोय झाली. आत घालायला ताजा सेल कोणी बनवत असेल तरच तिचा उपयोग.

म्हणून फोन घेताना झाकण निघतं का यापेक्षा बॅटरी सुटते कशी हे विचारा. माझा सगळा त्रास गोंदाचा असतो. काही फोनमध्ये बॅटरीखाली ताणून ओढायच्या पट्ट्या असतात. सावकाश ओढल्या तर बॅटरी अलगद सुटते, तुटल्या तर मग दोरा घालून करवतीसारखं मागे-पुढे करत गोंद कापावा लागतो, कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडत. काहींमध्ये पट्ट्याही नसतात, आणि मऊ पाकीट पट्टीने उचकटताना वाकायला लागलं की माझे हात आजही थांबतात. आयफोन १६ मध्ये विजेने सुटणारा गोंद आला, नऊ व्होल्टची साधी बॅटरी जोडली की दीडेक मिनिटात पकड सोडतो. मला तो बदल मनापासून आवडला. फोन बंद राहू दे, पण आतली बॅटरी न रडवता निघू दे.

दुसरं, फोन पाठीमागून उघडतो की डिस्प्लेच्या बाजूने, हेही विचारा. पाठीमागून उघडणाऱ्यात काच तडकली तर ती पाठीची असते, स्क्रीन वाचते.

तुमच्या कामासाठी तूर्त एक करा: कॅमेरा चालू असताना बिनतारी चार्जिंग नको, फोन तापतो. स्टँडला फोन लावून पॉवर बँक स्टँडच्या मागे बांधा, केबल वरून आणा, पानांवरून नाही.

आणि तुमचा तडकलेला फोन टाकून देऊ नका. त्यातले फोटो गेलेले नाहीत. त्याच मॉडेलचा चालू डिस्प्ले कुणाकडून तात्पुरता जोडून घ्यायचा, चांगली बॅटरी नुसती जोडायची, चिकटवायचीसुद्धा नाही. फोन टेबलावर उघडाच सुरू होतो. पिन टाका, सगळं दुसरीकडे उतरवा, डिस्प्ले परत द्या. मदरबोर्डला काही झालं नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. मात्र पिन आठवत असला पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही.

---

कातरवेळ

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! पिन आठवतो, मुलीच्या जन्मवेळेचे आकडे आहेत. फुगलेली बॅटरी आत्ताच बाहेर ओट्यावर मातीच्या कुंडीत ठेवून आले, उद्या ई-कचऱ्यात देते. तो फोन कपाटातून काढून पिशवीत घातलाय. फोटो निघाले की इथेच कळवते.