१३३ भागिले २

दादा: ठरलं एकदाचं. ऑगस्टचा शेवटचा वीकेंड, शुक्रवारी निघायचं आणि शनिवार-रविवार सायकल राइड. कार्हुनपोल्कू, पूर्व फिनलंडमधली जंगलातली वाट, पात्विन्सुओ नॅशनल पार्कपासून वर कुह्मोतल्या तेल्योपर्यंत, आख्खा १३३ किमी. दोन दिवसांत म्हणजे दिवसाला साडेसहासष्ट. मी गेल्या रविवारी ९० मारले आणि जेवायला घरी होतो. कोण कोण येतंय बोला

छोटू: मी. १०० टक्के

मी: मी पण, पण आकड्यांवर बोलायचंय

आई: हे कसलं नाव, पोलकू?

छोटू: काकू, पोल्कू म्हणजे पायवाट आणि कार्हु म्हणजे अस्वल. अस्वलाची वाट

मी: छोट्या हे आत्ताच सांगायलाच हवं होतं का तुला

आई: अस्वल???

आत्या: नाव उगाच ठेवत नाहीत कोणी

वहिनी: आई तुम्ही काळजी करू नका, सकाळी साडेपाचला यांचा अवतार बघून तेच पळेल

छोटू: अहो काकू ऐका, पूर्व फिनलंडमध्ये अस्वलं आहेत हे खरं, पण ती माणसाला टाळतात, आपला वास आला आवाज आला की आपल्या आधीच निघून जातात, इथे आयुष्यभर जंगलात बेरी गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या आहेत ज्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. सायकलवाल्याचा प्रॉब्लेम एवढाच की आपण आवाज न करता वेगात वळणावरून येतो आणि मग त्याला पळायला वेळ मिळत नाही, त्यावर उपाय म्हणजे घंटी. आणि रात्री खाण्याची पिशवी तंबूत ठेवायची नाही. बस

आई: दादाला दोन घंट्या लाव

दादा: आई प्लीज

मी: बरं आता मुद्दा. दादा तुझे ९० हे डांबरी रस्त्यावरचे, २८ मिमीच्या बारीक टायरवर, पाठीवर एक पाण्याची बाटली. ही वाट चालणाऱ्यांसाठी आखलेली आहे. मुळं, दगड, रेताड टेकाड, मध्येच जंगलातला कच्चा रस्ता मिळतो तिथे जरा वेग येतो, आणि मग पुन्हा दलदल. नावातच आहे रे, सुओ म्हणजे दलदल. मी मागच्या सप्टेंबरात हेलसिंकीजवळच्या नूक्सिओ पार्कला गेलो होतो, २२ किमी, बॅग नाही काही नाही, चार तास वीस मिनिटं लागली. म्हणजे ताशी पाचच्या आसपास. आता त्या हिशोबाने ६६ भाग

दादा: तू हळू चालवतोस

मी: हो चालवतो. पण ताशी आठ धर तुझे, लोड घेऊन. आठ तास सॅडलवर आणि तीन तास थांबणं, पंक्चर, फोटो, पाणी उकळणं. ऑगस्टअखेर तिकडे सव्वाआठ-साडेआठला सूर्य जातो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधार

छोटू: आणि फळ्या विसरलास

मी: हां फळ्या. पितकोसपूत म्हणतात त्याला. दलदलीवर दोन फळ्या शेजारी शेजारी, लांबच्या लांब, मध्ये एक फट. कोरड्या असतील तर मजा आहे, पाऊस पडून गेला की शेवाळलेल्या काचेसारख्या. त्या नूक्सिओलाच नंतर झालेलं सांगतो, कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं चाललंय छान, ब्रेकला नुसतं बोट लावलं, पुढचं चाक फटीत. मी डावीकडे. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि ओढून काढला तर बूट आतच. पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालून शोधला, त्यात एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं, मोई, म्हणजे हाय, म्हणाल्या आणि गेल्या. त्या थंड चिखलात हात फिरवताना आधी मला कोणाची तरी दुसरीच काठी सापडली. तेव्हापासून मी फळी ओली दिसली की उतरून ढकलतो, आणि तसंही त्या चालणाऱ्यांसाठी आहेत, समोरून कोणी आलं तर आपणच थांबायचं

वहिनी: म्हणूनच तो एक बूट वेगळ्या रंगाचा आहे होय 😄

दादा: ठीक आहे मग ५० आणि ५० करू, बाकीचे ३३ पुढच्या वेळी

छोटू: दादा ५० पण जास्त आहेत

दादा: मग काय घरी बसू का

काका: मुलांनो, मी वाचत आहे. मला तिथले काही कळत नाही. पण एक विचारतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाचा गुडघा गेला किंवा सायकल मोडली तर त्या जागेवरून बाहेर कसे पडणार आणि कुठे पडणार? ते आधी नकाशावर लिहा. किती जायचे ते नंतर. - काका

छोटू: बाबा प्रत्येक मेसेजखाली सही नका करू

काका: बरे. - काका

मी: काका बरोबर बोलले. आम्ही तिघं दोन आठवडे किलोमीटर भागतोय आणि हे कोणीच विचारलं नाही. छोटू तू तिकडचा आहेस, तूच सांग

छोटू: ओके मग नीट सांगतो, जरा लांब होईल. वाट दक्षिणेकडून अशी जाते, पात्विन्सुओ, मग कित्सी गाव, मग रुउना, मग अ‍ॅनाकाइनेन, तिथून योंगुनयोकी नदीच्या कडेने वर तेल्यो. ह्यात सगळ्यात सोपं बाहेर पडणं रुउनाला, कारण तिथे गाडीरस्ता येतो, कॅम्पिंग आहे आणि लिएक्सा गाव तीसेक किमी. लिएक्साला स्टेशन आहे, योएन्सू शहराची रेल्वेबस, म्हणजे छोटी ट्रेन, मिळते. रुउनाच्या वर मात्र गोष्ट बदलते, तेल्योला पोचलात तरी तिथून परत कसं यायचं हा वेगळाच उद्योग, कोणीतरी गाडी घेऊन थांबायला पाहिजे किंवा रस्त्याने पुन्हा तेवढंच खाली मारायचं. म्हणून मी म्हणतो पूर्ण नको, पात्विन्सुओ ते रुउना करू, आणि त्यालाच तीन दिवस देऊ

दादा: तीन दिवस अर्ध्या वाटेला?

छोटू: दोन दिवस चालवायला आणि एक हातात. पाऊस लागला तर तो वापरला जातो, नाही लागला तर रुउनाला खळाळ बघत बसायचं, सहा आहेत लिएक्सानदीवर, नेइतिकोस्की सगळ्यात मोठ्यांपैकी, तिथे काठाला लाकडी वाट आहे आणि उन्हाळ्यात लोक राफ्टिंग करतात. दादा तुला बसून बघायची सवय नाही माहितीये मला

वहिनी: अगदी

दादा: पण मग अ‍ॅनाकाइनेनची ती युद्धातली तटबंदी राहते. मला तेच बघायचं होतं खरं तर. खंदक आणि रणगाडे अडवायला उभ्या केलेल्या दगडांच्या रांगा, जंगलात तशाच आहेत अजून

मी: अरे मग आधी बोलायचंस ना. हे कारण ६६ किमीपेक्षा किती चांगलं आहे

छोटू: ते तर सोपंय. रुउनाला तंबू तसाच ठेवायचा, बॅगा काढायच्या, तिसऱ्या दिवशी रिकाम्या सायकलने वर जाऊन येऊ जमेल तितकं. रिकामी सायकल आणि भरलेली सायकल ह्यात काय फरक असतो ते तुला दोन दिवसांत कळलेलं असेलच

दादा: विचार करतो

आत्या: राहणार कुठे हे कोणी बोलतच नाहीये. हॉटेल आहे का

छोटू: आत्या हॉटेल नाही, 'लावू' असतात. तीन बाजूंनी बंद असं लाकडी छप्पर, एक बाजू उघडी, समोर आगीची जागा. फुकट. कोणीही झोपू शकतं पण आरक्षण नाही, जागा भरलेली असेल तर तंबू लावायचा. आणि काही ठिकाणी जंगलात उघड्या खोल्या असतात, आउतिओतुपा, त्यांचा न लिहिलेला नियम मला फार आवडतो, सगळ्यात शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. कारण आधी आलेला विसावलेला असतो, त्याने उठून बाहेर तंबू लावायचा

आई: हे फार चांगलं आहे

काका: नियम उत्तम.

छोटू: बाबा सही राहिली

काका: - काका

मी: आगीबद्दल मी बोलतो कारण दादा मागच्या वेळी कुठेही काड्या पेटवत होता. इथे जंगलात फिरायला, सायकल चालवायला, एखाद-दोन रात्री तंबू टाकायला, बेरी तोडायला कोणाला विचारावं लागत नाही, सगळ्यांचा हक्क आहे तो. पण आग त्यात येत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते, म्हणून फक्त ठरलेल्या जागी. आणि जंगल-आगीचा इशारा लागला असेल तर उघडी आग पूर्ण बंद. तेव्हा गॅसचा छोटा स्टोव्ह घ्यायचाच, आगीच्या भरवशावर स्वयंपाक ठेवायचा नाही. नॅशनल पार्कच्या आत अजून कडक, तंबू ठरलेल्या जागीच आणि सायकल परवानगीच्या वाटांवरच, प्रत्येक पार्कचे आपापले नियम असतात, निघायच्या आठवड्यात मी पुन्हा वाचीन

वहिनी: ऑगस्टच का पण? जूनमध्ये रात्रभर उजेड असतो म्हणता ना

छोटू: वहिनी जूनमध्ये उजेड आहे पण डास आहेत. म्हणजे डास असं नाही, ढग असतो. दलदलीत थांबून ट्यूब बदलून दाखवा जुलैत. ऑगस्टअखेर ते बरेच कमी होतात

मी: आणि हिर्वीकार्पानेन येतात

छोटू: हो तेवढं आहे 😬 हरणमाशी म्हणा. अंगावर बसते, पंख गाळते आणि केसांत शिरून चालत राहते. चावली तरी आपल्यात ती टिकत नाही, पण मानेवर काहीतरी सरपटतंय हे जे फीलिंग असतं ना. चपटी असते, चिरडली तरी मरत नाही, नखाने मोडावी लागते. लांब बाह्यांचे, गुळगुळीत कापडाचे आणि गळाबंद कपडे घ्या सगळ्यांनी

आत्या: ईईई

वहिनी: माझा निर्णय झाला, मी लिएक्साला गाडी घेऊन थांबते, पुस्तक वाचत

मी: वहिनी हे खरंच कराल का? कारण मग काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच

वहिनी: भावजी गंमत नाही करत, खरंच. कुठेतरी पाण्याकाठी झोपडी घेते. पण रोज संध्याकाळी एक मेसेज पाहिजे

छोटू: सगळीकडे रेंज नाही. म्हणून वेळ ठरवू, रात्री दहापर्यंत मेसेज नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत वाट बघायची, मग ११२. आणि सगळ्यांनी ११२ सुओमी ॲप घ्या, त्यातून कॉल केला की आपली जागा त्यांना आपोआप कळते, नाहीतर फोनवर "एक झाड आहे, शेजारी अजून एक झाड आहे" असं सांगत बसावं लागेल

मी: नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, luontoon.fi च्या नकाशावर आगीच्या जागा आणि ते 'लावू' दिसतात. कागदी एक मी घेतो. झाडांवर केशरी खुणा आहेत, पण जिथे झाडं तोडलीयेत तिथे खूणही झाडाबरोबर गेलेली असू शकते, आणि सायकलवर नजर पुढच्या चाकासमोर असते, खुणा निसटतात. नियम असा, दोन मिनिटं खूण दिसली नाही तर थांबायचं आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे. दादा, मागे. "पुढे लागेलच" नाही

दादा: एकदाच झालं होतं ते

मी: एकदाच, पण आपण कोणाच्या तरी बटाट्याच्या शेतात पोचलो होतो

छोटू: अजून एक महत्त्वाचं. अस्वलाची शिकार २० ऑगस्टला सुरू होते. म्हणजे जंगलात शिकारी आणि त्यांचे कुत्रे असतील. सगळ्यांनी भडक केशरी किंवा पिवळं जॅकेट. दादाचं ते काळं-तपकिरी महागडं नको

आई: म्हणजे अस्वल पण आणि बंदूक पण

वहिनी: आई मी आहे ना तिथे

मी: ट्रेन. हेलसिंकीहून योएन्सूला साडेचार तासांच्या आसपास, सायकलची जागा तिकिटाबरोबर वेगळी बुक करावी लागते आणि त्या मोजक्याच असतात, म्हणून आजच करूया. पण वहिनी गाडी आणणार असतील तर तीन सायकली मागच्या रॅकवर, सरळ पात्विन्सुओच्या पार्किंगपर्यंत. मग ट्रेनचा विषयच संपतो. वहिनी?

वहिनी: आणते. गाणी माझी

छोटू: आता सायकल. ट्यूबलेस असेल त्यांनी सीलंट नवं भरा, वर्षभर जुनं वाळून दह्यासारखं झालेलं असतं. तरी एकेक ट्यूब ठेवा. ब्रेक पॅड जास्तीचे, ओल्या रेतीत दोन दिवसांत घासतात. चेनची क्विक लिंक म्हणजे जोडायची कडी, चेन तोडायचं टूल. आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, प्रत्येकाने स्वतःचा. दगडावर मागचा डिरेलर आपटला की मुद्दाम तोच वाकतो-तुटतो, म्हणजे फ्रेम वाचते, पण तो नसेल तर सायकल ढकलायची. दादा सॅडलबॅग मोठी बांधशील तर ड्रॉपर, म्हणजे सीट वर-खाली करणारी नळी, खाली गेल्यावर बॅग टायरला घासत नाही ना ते घरी बघ, बॅग भरून बघ, रिकामी नाही

काका: रात्री थंडी किती?

छोटू: बाबा पाच-सहापर्यंत जाऊ शकते, स्वच्छ आकाश असेल तर त्याहूनही खाली. घामाने भिजलेला कपडा घालून झोपायचं नाही, झोपायचे कपडे वेगळे, कोरड्या पिशवीत, ते काहीही झालं तरी दिवसा घालायचे नाहीत

काका: बूट शोधण्यासाठी काठी ठेवा. - काका

मी: काका 😂😂

दादा: ओके. शुक्रवारी सकाळी निघायचं, पात्विन्सुओ ते रुउना दोन दिवसांत, तिसऱ्या दिवशी रिकाम्या सायकलने अ‍ॅनाकाइनेनकडे, दुपारी २ वाजता जिथे असू तिथून परत. सोमवारी सुट्टी टाकतोय. खुश?

छोटू: खूप

मी: दादा तू हे स्वतःहून लिहिलंस, मी स्क्रीनशॉट घेतला

दादा: आणि हे बघा, हँगर पण आणला आज दुकानातून. फोटो टाकतोय

छोटू: दादा

छोटू: ह्याला दोन भोकं आहेत

छोटू: तुझ्या फ्रेमला एक आहे

दादा: सगळे सारखेच नसतात का