प्रयोगशाळेत त्वचा वाढवता येते, मग मूत्रपिंड का नाही?

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझ्या भावाला खोल भाजले आहे. रुग्णाच्याच पेशींपासून त्वचा वाढवता येते असे वाचले. मग संपूर्ण मूत्रपिंड का तयार करता येत नाही?

उत्तर १: ताई, राइनवॉल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मानवी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी प्रयोगशाळेत सातत्याने वाढवून दाखवल्या. हा थर पातळ असल्यामुळे जखमेवर बसवल्यावर त्याला खालच्या ऊतींतून पोषण मिळते. परंतु जाड अवयवात रक्तवाहिनीपासून सुमारे १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही आणि आतल्या पेशी मरतात. केशवाहिन्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे, जाळे उभारणे हीच माझ्या मते खरी अडचण आहे.

उत्तर २: एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. अशा थरात घामाच्या ग्रंथी किंवा केसांची मुळे नसतात, आणि तो वाढवण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे मांडीवरून घेतलेले त्वचारोपण आजही प्रमुख उपचार आहे. भावाच्या प्लास्टिक सर्जनांना त्याविषयी अवश्य विचारा.

उत्तर ३: मूत्रपिंडाच्या पेशी छोट्या पट्टीसारख्या चिपवरील सूक्ष्म नलिकांत वाढवून औषधांची विषारीता मात्र आजही तपासता येते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. त्वचारोपणाविषयी उद्याच विचारते.